पहाणी वाचून कोण दाखवणार?

आपल्याकडे जमिनीचा एक-चौदाचा उतारा आता घरबसल्या मिळतो. सोय झाली यात शंका नाही. पण त्यातल्या नोंदी इंग्रजीत असतात, म्हणून गावच्या म्हाताऱ्याला नातवाला हाक मारावीच लागते. "बाबू, म्हजें नांव आसा न्हय रे?" नातू घरात असला तर ठीक. नसला तर कागद हातात असूनही म्हातारा त्या कागदाला परका.

हाच अनुभव जरा वेगळ्या रूपात बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात येतो. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत घरात मराठी बोलणारी कितीतरी कुटुंबे आहेत. १९५६ साली बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, तर भालकी आणि औराद म्हैसूर राज्यात. शेत जिथे होते तिथेच राहिले. कागद मात्र निजामाच्या काळी उर्दूत होता, तो कन्नडमध्ये आला.

कर्नाटकाने २००० च्या सुमारास 'भूमी' योजना आणली आणि देशाला एक धडा घालून दिला. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे संगणकावर चढले. तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपये भरले की उतारा हातात पडू लागला. या उताऱ्याला तिकडे 'पहाणी' म्हणतात. शेतकऱ्याला आपली नोंद पाहता यावी म्हणून खिडकीपाशी त्याच्याकडे तोंड केलेला दुसरा पडदाही ठेवला होता. केवढा चांगला विचार! पण ज्याला कन्नड लिपी येत नाही, त्याच्याकडे पडदा वळवून काय उपयोग? पूर्वी तो नोंद ठेवणाऱ्याची मनधरणी करी, आता वाचून दाखवणाऱ्याची करतो.

आणि गंमत अशी, की हा अडसर दूर करणे संगणकाला अगदी सोपे आहे. युनिकोडमध्ये कन्नड आणि देवनागरी यांची मांडणी एकाच साच्यातली आहे. देवनागरीच्या रकान्यात 'क' ज्या क्रमांकाच्या घरात बसतो, कन्नडच्या रकान्यातही त्याच क्रमांकाच्या घरात. त्यामुळे शेतकऱ्याचे नाव, गावाचे नाव एका लिपीतून दुसरीत नेणे हे बहुतांशी बेरीज-वजाबाकीचे काम. ऱ्हस्व-दीर्घाच्या थोड्या अडचणी येतील, त्या माणसाने तपासाव्यात. उरलेले शब्द ठरावीकच असतात. त्यातले खाते, हिस्सा, सर्वे नंबर हे तर दोन्हीकडे सारखेच.

कुणी म्हणेल, कर्नाटकात राहायचे तर कन्नड शिकावे. जरूर शिकावे. मुले शाळेत शिकतातही. पण सत्तरीच्या आजीने शेत विकले गेले की नाही हे कळण्यासाठी आधी बाराखडी गिरवावी काय? कायद्याचा मूळ कागद कन्नडच राहू द्या. सोबत मराठीत वाचता येईल अशी एक प्रत द्या, एवढीच मागणी. सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, पण या कामासाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

उदाहरणही शेजारीच आहे. केंद्र सरकारने पुण्याच्या सी-डॅककडून जमिनीचे उतारे आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत नेण्याचे काम हाती घेतले. २०२२ साली प्रयोगासाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. आज महाभूलेखवर सातबारा पाहताना भाषा निवडता येते, आणि त्यात कन्नडही आहे. जत-अक्कलकोटच्या कन्नड शेतकऱ्याला जे मिळते, ते भालकी-औरादच्या मराठी शेतकऱ्याला का मिळू नये?

आणि हे त्यांना विचारताना आपण स्वतःलाही विचारावे. त्या २२ भाषांत मराठी आहे, तशी कोंकणीही आहे. मग आपल्या एक-चौदातल्या नोंदी अजून इंग्रजीतच का? भाषेवरून आपण गोव्यात कमी भांडलो नाही. पण घरातल्या सर्वांत मोलाच्या कागदावर आपली भाषा यावी म्हणून आपल्यापैकी किती जणांनी एक अर्ज तरी केला?