रामटेकला एक रात्र

नागपूरच्या मिहान प्रकल्पात कामानिमित्त आलेल्या पाहुण्याच्या हाती बहुधा एक मोकळा शनिवार असतो. एम्समधली परिषद, आयआयएममधला अभ्यासवर्ग किंवा सेझमधल्या कंपनीची बैठक शुक्रवारी आटोपते आणि यजमान विचारतात, पेंच की ताडोबा? वाघ दिसला तर आनंद. नाही दिसला तर विदर्भात पाहण्यासारखे फारसे काही नाही, असा समज घेऊन पाहुणा विमानात बसतो. नागपूरच्या दुसऱ्या अंगाला, पन्नासेक किलोमीटरवर, रामटेक आहे हे त्याला कुणी सांगत नाही. याचे कारण उघड आहे. आपण नागपूरकर स्वतः रामटेकला जातो ते सकाळी निघून दिवेलागणीच्या आत परतण्यासाठी. गडावर दर्शन, माकडांपासून प्रसाद वाचवण्याची धडपड, दुपारी खिंडसी तलावाच्या काठावर डबा, बोटीची एक फेरी, की झाले रामटेक. या एकदिवशी सहलीने रामटेकचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे दुर्लक्षानेही केले नसेल, असे माझे स्पष्ट मत आहे. रामटेकला आणखी गर्दी नको आहे. तिथे येणाऱ्याने रात्री राहायला हवे आहे.

अर्ध्या दिवसात काय सुटते ते पाहू. गडावरच्या रामलक्ष्मणांच्या मंदिरांना आजचे रूप नागपूरकर भोसल्यांच्या काळात आले. पण त्याच टेकडीवरचे केवल नरसिंह मंदिर वाकाटक राजांच्या काळातले आहे, त्यात त्या काळचा शिलालेख आहे, आणि दर्शनाच्या रांगेत उभी असलेली माणसे त्याच्याजवळून न थांबता पुढे जातात. गडापासून काही किलोमीटरवरचे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. २०१५ ते २०१८ या काळात राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी तिथे उत्खनन केले, त्यात वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या नावाचे मातीवर उमटवलेले मुद्रांकन मिळाले. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची ही मुलगी. नवरा लवकर गेल्यावर अल्पवयीन मुलाच्या वतीने तिने राज्य चालवले. पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी विदर्भाचा कारभार पाहणाऱ्या या बाईचे नाव नागपुरातल्या किती शाळकरी मुलांना ठाऊक असेल? दुसऱ्या बाजूला, महामार्गालगत, मनसर. तिथल्या टेकडीवर विटांच्या भव्य बांधकामाचे अवशेष उघडे पडले आहेत आणि तिथे सापडलेली शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनीही गुजरातेतून निघताना निमित्त सांगितले ते रामटेकच्या यात्रेचे. त्या पंथाची, आणि त्यातून मराठी गद्याची, कहाणी त्या निमित्ताशी जोडलेली आहे. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, हे वा. वि. मिराशींनी मांडले, त्यावर वाद आहेत, पण वाद असलेली जागा पाहण्यात अधिक मजा असते. हे सारे पाच-सात किलोमीटरच्या टापूत आहे. सकाळ मनसरला, दुपार नगरधनला, संध्याकाळ गडावर आणि दुसरी सकाळ खिंडसीवर असा क्रम लावला तरच ते एकमेकांशी बोलू लागते. दोन तासांत उरकले तर हाती विटा आणि पायऱ्याच येतात.

आता पैशाचा विचार करू. दिवसाचा प्रवासी पेट्रोल नागपुरात भरतो, डबा घरून आणतो, नाश्ता महामार्गावरच्या ढाब्यावर करतो. गावाच्या वाट्याला नारळ-हारांची विक्री, बोटीचे तिकीट आणि संध्याकाळी काठावर उरलेल्या पत्रावळी नि पाण्याच्या बाटल्या येतात. मुक्कामाचा माणूस मात्र दोन वेळा जेवतो, सकाळी चहा घेतो, नगरधनला जायला ऑटो ठरवतो, कुणीतरी माहिती सांगावी म्हणून पैसे मोजायला तयार असतो. रामटेकचे विड्याचे पान एके काळी दूरवर नावाजलेले होते. बारी समाजाच्या पानमळ्यात पाहुण्याला घेऊन जाणारा कुणी भेटला, तर ती गोष्ट बोटीच्या फेरीपेक्षा जास्त दिवस त्याच्या लक्षात राहील. रामटेकमध्येच १९९७ पासून कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे. शिलालेख वाचू शकणारी मुले ज्या गावात शिकतात तिथे जाणकार वाटाड्या मिळू नये, हे आश्चर्यच म्हणायचे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: रात्री तिथे करायचे काय? बाजार लवकर थंडावतो, करमणूक नाही. पण शहरातून येणाऱ्याला शहरातलीच करमणूक देण्याचा अट्टहास कशासाठी? शेजारच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ती तिथे अंधार शिल्लक आहे म्हणून. अंधार हेच ज्या परिसराचे भांडवल आहे तिथे तलावकाठी रंगीत दिव्यांची माळ लावणे हा करंटेपणा होईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुक्काम म्हटले की खोल्या आल्या, खोल्या म्हटले की तलावाच्या काठावर रिसॉर्ट आले, आणि मग पाणीही गेले नि पक्षीही गेले. लोणावळा-महाबळेश्वरची गत पाहिलेल्यांना ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. खिंडसी हा मुळात सिंचनासाठी सूर नदी अडवून केलेला, इंग्रज काळातला जलाशय आहे. त्याच्या पाण्यावर पहिला हक्क खालच्या धानाच्या बांधीचा, पर्यटकाचा नंबर त्यानंतरचा. म्हणून नव्या खोल्या काठावर नकोत, गावात हव्यात. गडाच्या पायथ्याची जुनी वस्ती, धर्मशाळा, रिकामे पडलेले वाडे दुरुस्त करून तिथे पाहुणे उतरवता येतील. वेगाच्या बोटींना तलावाचा ठरावीक भाग आखून द्यावा, उरलेले पाणी शांत राहू द्यावे. अंबाळा तलाव तर यातून पूर्ण वगळावा. तिथे लोक अस्थी घेऊन येतात, पितरांचे विधी करतात. काही जागा दुःखासाठी राखून ठेवायच्या असतात, तिथे सेल्फी पॉइंट शोभत नाही.

रामटेक हे तीर्थ आहे, त्याचे पर्यटनस्थळ करू नका, असेही म्हणतात. पण जुन्या यात्रेत मुक्काम हाच मुख्य भाग असे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला बैलगाडीने आलेला माणूस त्याच संध्याकाळी परत कसा जाणार? दर्शन घेऊन लगेच पळण्याची सवय मोटारीने लावली, भक्तीने नव्हे. गरीब भाविकाला परवडेल अशी स्वस्त सोय आधी, महागड्या खोल्या मागाहून, एवढे पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. उन्हाळ्याचा आक्षेप मला मान्य आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे कुणी राहू नये. पावसाळा ओसरताना खिंडसी भरलेली असते, तिथून माघापर्यंतचा काळ उत्तम.

मिहानच्या बाजूने पाहिले तर यासाठी मोठा प्रकल्प लागत नाही. मेट्रो खापरीहून कामठी रोडवरच्या ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत शहर ओलांडून देते. इतवारीहून रामटेकपर्यंत रेल्वेमार्ग आहेच. शनिवार-रविवारचे वेळापत्रक मुक्कामी प्रवाशाच्या सोयीचे करणे रेल्वेच्या हाती आहे. मिहानमधल्या संस्थांनी आणि कंपन्यांनी आपापल्या परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकेत रामटेकची एक रात्र घालावी, आणि पाहुण्यांना तिथल्याच खानावळीत जेवू घालावे. ही मागणी दोन-तीन हंगाम टिकली, तर रामटेककर खोल्या उभ्या करायला मंत्रालयातल्या घोषणेची वाट पाहणार नाहीत.