पुलाखालचा धाकटा दिवा

दीपगृह म्हटले की खवळलेला समुद्र डोळ्यांपुढे येतो. मी सांगणार आहे ते दीपगृह मात्र नदीकाठचे आहे, आणि उंचीने जेमतेम ४० फूट. आपल्या तीन मजली चाळीएवढे! न्यूयॉर्क शहरात, मॅनहॅटन बेटाचे जे टोक हडसन नदीत घुसले आहे, त्या जेफ्रीज हुकवर ते उभे आहे. नावाड्यांना ते टोक दिसावे म्हणून आधी तिथे खांबावर कंदील असे. १९२१ साली हे दीपगृह आणून बसवले. 'आणून' अशासाठी, की ते होते १८८० सालचे, न्यू जर्सीतल्या सँडी हुकसाठी घडवलेले. अंग बिडाच्या तक्त्यांचे, त्यामुळे सुटे करून पुन्हा जोडता आले.

पुढे दहाच वर्षांनी त्याच्या डोक्यावर जॉर्ज वॉशिंग्टन पूल उभा राहिला. त्या झगमगाटापुढे या धाकट्या दिव्याला कोण विचारणार?

विचारले ते एका लेखिकेने. १९४२ साली हिल्डेगार्ड स्विफ्ट यांनी त्याच्यावर मुलांसाठी गोष्ट लिहिली. चित्रे लिंड वॉर्ड यांची. गोष्टीतल्या लाल दीपगृहाला वाटते, आपले काम आता संपले. पण पूलच त्याची समजूत घालतो, की माझे दिवे विमानांसाठी. नदीतल्या बोटींना अजून तूच हवास.

सरकारी हिशेब गोष्टी वाचून होत नसतात. १९४८ साली दिवा मालवला आणि १९५१ साली दीपगृह लिलावात काढायचे ठरले. तोवर मुलांच्या एका पिढीला ते पुस्तक पाठ झाले होते. त्यांची पत्रे आली, काहींनी खाऊचे पैसे धाडले, मोठ्यांनीही गिल्ला केला. अखेर त्याच वर्षी जुलैत दीपगृह शहराच्या उद्यान खात्याच्या हवाली झाले.

हवाली झाले म्हणून सारे निभावले असे नाही. लोखंडाला गंज चढतोच. १९८६ साली पायाची डागडुजी झाली, १९९१ साली शहराने त्याला स्मारकाचा मान दिला, २००० साली लाल रंग नव्याने चढला आणि २००२ साली दिवा पुन्हा लागला. म्हणजे ५४ वर्षांनी!

मी मराठी शिकवतो. "गोष्टी वाचून मुलांच्या हाती काय लागते हो?" असे पालक मला नेहमी विचारतात. त्यांना मी ही हकीकत सांगतो. लिलाव पुकारणाऱ्यांना त्यात जुने लोखंड दिसले; मुलांना त्यात ओळखीचे कुणीतरी दिसले. ज्याची गोष्ट ऐकलेली असते, ते मोडीत काढताना हात अडखळतो.

आपल्या गावच्या नदीवरही एखादा घाट असेल, एखादी दीपमाळ असेल. तिची गोष्ट घरात कुणाला ठाऊक आहे? आजी-आजोबांना असेल, तर या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती ती मुलांना ऐकवून टाका. डागडुजीचे पैसे मागाहून उभे करता येतील.