फुकट ते पौष्टिक?

हा लेख थोडा चिडचिडीतून लिहितोय, आधीच सांगून टाकतो.

आम्ही तिघं मित्र शनिवार-रविवारी मराठी शुद्धलेखन तपासणारा एक छोटा प्रोग्राम लिहितो. सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला. बग नोंदवायला मात्र एक चकचकीत ऑनलाइन सेवा घेतली होती. मालकीची, पण आपल्याला फुकट. निवड माझीच. मग एक दिवस त्यांनी फुकट खाती बंद केली. सूचनेची ईमेल आली होती, आमच्यापैकी कुणी वाचली नाही. कोड प्रत्येकाच्या मशीनवर होता म्हणून वाचला. पण दोन वर्षांची चर्चा गेली. कुठला शब्द का घेतला, कुठला का गाळला, ‘माहित’ की ‘माहीत’ यावरून रंगलेली भांडणं.. सगळं साफ!

आता, आम्ही काही पहिले नाही. लिनक्स कर्नलचं उदाहरण घ्या. लिनस टोरवाल्ड्सकडे ईमेलने इतके पॅच यायचे की काही चक्क हरवायचे. 2002 मध्ये त्याने बिटकीपर वापरायला सुरुवात केली. टूल उत्तम, पण मालकीचं. कंपनीने कर्नलवाल्यांना फुकट दिलं, अटी घालून. एक अट अशी की फुकट वापरणाऱ्याने स्पर्धक टूलवर काम करायचं नाही. रिचर्ड स्टॉलमनसकट अनेकांनी तेव्हाच आक्षेप घेतला. पण काम भराभर होत होतं, मग कोण ऐकतो?

पुढे सांबावाल्या अँड्र्यू ट्रिजेलने बिटकीपरच्या सर्व्हरला जोडून ‘हेल्प’ टाइप केलं. सर्व्हरने कमांड्सची यादीच दिली! त्यावरून तो स्वतःचा क्लायंट लिहू लागला. कंपनी बिनसली आणि एप्रिल 2005 मध्ये फुकट आवृत्ती बंद झाली. टोरवाल्ड्सने 3 एप्रिलला गिट लिहायला घेतलं, 7 एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जात होता. जूनमध्ये कर्नल 2.6.12 गिटवर बाहेर पडलं.

ऑफिसात ही गोष्ट सांगितली की कुणीतरी म्हणतंच, "बघ, शेवट गोडच झाला की!" मान्य. उलट मी म्हणेन, बिटकीपर वापरलं नसतं तर चांगलं टूल कसं असतं हे टोरवाल्ड्सला इतकं नेमकं कळलं असतं का, शंकाच आहे. कंपनीलाही खलनायक ठरवू नका, त्यांनाही पगार द्यायचे होते. पण चार दिवसांत पर्याय उभा करणारा माणूस प्रत्येक प्रोजेक्टकडे असतो का हो? आमच्याकडे तर नव्हता.

म्हणून ‘मालकीचं टूल वापरूच नका’ असं सोवळं मी पाळत नाही. भाड्याच्या घरातही माणसं सुखाने राहतात. फक्त सामान आपलं असावं आणि दार उघडून ते बाहेर नेता यावं. कंपाइलर, एडिटर काहीही वापरा, पण दुसऱ्या कुणाला तेच काम फुकट टूलने करता आलं पाहिजे. स्पर्धक टूल लिहायला मनाई करणारं लायसन्स दिसलं की लांबूनच नमस्कार.

आज गिटहबचंही तेच आहे. गिट खुलं, गिटहब मालकीचं, 2018 पासून मायक्रोसॉफ्टचं. कोड क्लोन करून नेता येतो, पण बगवरच्या चर्चा आणि रिव्ह्यू त्या क्लोनमध्ये येत नाहीत. ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात. शेवटचे कधी घेतले होते, आठवतंय?

बिटकीपर स्वतःच 2016 मध्ये ओपन सोर्स झालं. तोवर जग गिटवर गेलं होतं. असो.

आम्ही तिघं सध्या आठवून आठवून जुन्या निर्णयांची कारणं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहितोय, कोडच्या शेजारीच. निम्मी आठवत नाहीत. ‘माहीत’ दीर्घच राहिलाय, पण त्याच्या बाजूने कोण इतकं तावातावाने भांडलं होतं, ते तिघांनाही आठवत नाही.