खुर्ची कधी आणणार?

परवा भाचीचा फोन आला. डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "मावशी, या सेमिस्टरला आम्हाला दिव्यांग मुलांसाठी काहीतरी करायचंय. तूही केलं होतंस ना? टिप्स दे की!" टिप्स दिल्या. पण एक गोष्ट सांगायची टाळली. ती इथे लिहितेय.

2006 साली आम्ही चौघं सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या एका शाळेत जायचो. सहा आठवड्यांचं प्रोजेक्ट. आमच्या वाट्याला नऊ वर्षांचा एक मुलगा आला. डोकं तल्लख, पण बसल्यावर तोल जायचा, म्हणून एक हात सतत बाक धरून ठेवण्यात अडकलेला. थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, कंबर आणि पावलं नीट टेकली की हात मोकळे होतात. झालं! आम्ही खुर्ची करायला घेतली. प्लायवूड, फोम, समोर कड असलेला ट्रे. त्यात बसून त्याने एका हाताने कागद धरला आणि दुसऱ्याने चित्र काढलं, तेव्हा आम्ही हवेत होतो.

मधल्या सुट्टीत तो म्हणाला, "ताई, मी वर आणि सगळे खाली." बाकीची मुलं सतरंजीवर गोल करून डबा खात होती. त्याला तिथे बसायचं होतं. आम्ही ते 'युजर फीडबॅक' म्हणून रिपोर्टमध्ये छापलं आणि खुर्ची तशीच ठेवली. सबमिशन आठ दिवसांवर होतं ना!

गंमत म्हणजे जयपूर फूट आम्हाला वर्गात शिकवला होता. आधीच्या परदेशी धर्तीच्या कृत्रिम पायाने धड उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, वर बूट हवाच. हे ओळखून डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1968 च्या सुमारास अनवाणी चालता येईल असा रबरी पाय घडवला. परीक्षेत मी यावर छान उत्तर लिहिलं होतं. आणि जमिनीवर बसू मागणाऱ्या मुलाला खुर्चीत बसवलं!

खुर्ची प्रदर्शनात गेली, ग्रेड उत्तम मिळाली, मग ती डिपार्टमेंटच्या माळ्यावर गेली. त्याचा हसरा फोटो माझ्या पोर्टफोलिओत बरीच वर्षं पहिल्या पानावर होता. शाळेतल्या शेवटच्या दिवशी त्याने विचारलं होतं, "आता खुर्ची कधी आणणार?" मी म्हटलं, "लवकरच." परत गेले नाही.

कुणी म्हणेल, विद्यार्थी शिकतात, संवेदनशील होतात, हे काय कमी आहे? कमी नाहीच. पण त्या शिकण्याची किंमत कोण मोजतं? मूल आपला वेळ देतं, मापं देतं, फोटो देतं. त्याच्याकडे काय उरतं? बरं, न तपासलेलं मॉडेल तसंच देऊन टाकणंही बरोबर नाही. शिवाय मूल वाढतं, खुर्ची तोकडी होते.

म्हणूनच मला वाटतं, दरवर्षी नवी शाळा आणि नवी कल्पना हा हट्ट सोडावा. एकच शाळा धरावी. मागच्या बॅचचं काम पुढच्या बॅचने पुढे न्यावं, आणि 'यात नवीन काय?' म्हणून मार्क कापू नयेत. 'हे आम्हाला नको' म्हणायचा हक्क शाळेला आणि मुलालाही असावा. आणि थोडे मार्क सहा महिन्यांनी द्यावेत, वस्तू वापरात आहे का ते बघून.

काल भाचीला पुन्हा फोन केला आणि हे सगळं सांगितलं. म्हटलं, "आधीच्या टिप्स विसर. डबा खायच्या वेळी जा आणि त्यांच्यासोबत खाली बस. आणि परत येणार नसशील, तर तसं खरं सांग."

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, तो आता केवढा असेल गं?"

हिशोब सोपा आहे. तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही.