घरांतील यंत्रें : वारंवार बंद पडणारा संगणक

सुटे भाग निवडून जोडून घेतलेला संगणक हल्लीं पुष्कळ घरांत आढळतो. पुढें एखादा भाग बदलणें त्यांत सोपें जातें, हा त्याचा मोठा गुण. परंतु तो मधूनच निळा पडदा दाखवून बंद पडूं लागला, म्हणजे दोष कोणाच्या माथीं मारावा हा प्रश्न उभा राहतो. एका भागाचा दुकानदार दुसऱ्या भागाकडे बोट दाखवितो. आणि एकत्र कुटुंबांत तें बोट बहुधा खेळ खेळणाऱ्या मुलाकडे वळतें.

कर्जत तालुक्यांतील मिरजगांव येथें आमच्या परिचयाचें एक कुटुंब आहे. त्यांच्या संगणकावर धाकटी सून एका कचेरीचे हिशेब लिहिते, मुलें अभ्यास करतात, आणि वडील मंडळींनीं पणजोबांच्या वेळचे मोडी कागद छायाचित्रें घेऊन त्यांतच सांठविले आहेत. गेल्या उन्हाळ्यांत हें यंत्र दिवसांतून तीन-चार वेळां बंद पडूं लागलें. पोरांच्या खेळांमुळेंच हें झालें, असा निकाल माजघरांत लागला व खेळ काढून टाकण्यांत आले. यंत्र पूर्ववत् बंद पडतच राहिलें. तेव्हां आम्हीं त्यांना जो क्रम सुचविला, तो वाचकांसहि उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

प्रथम एक वही करावी. तारीख, वेळ, चालू असलेलें काम व पडद्यावर आलेला संकेत-शब्द तींत लिहावा. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या गणकयंत्राच्या रिलेमध्यें एक पतंग अडकलेला सांपडला, तेव्हां तेथील मंडळींनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेवला होता. विंडोजची स्वतःची नोंदवहीहि असते. तींत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली, तर यंत्र रीतसर बंद न होतां एकाएकीं थांबलें एवढाच अर्थ घ्यावा; कारण त्या नोंदींत नसतें.

मग वीज पाहावी. घरच्या विजेचा दाब २३० व्होल्ट धरलेला असतो. शेतांवरील पंप एकदम सुरू झाले कीं तो खालीं येऊं शकतो. संगणकाची चांगली वीज-पेटी सेकंदाच्या सुमारें साठाव्या भागाइतका खंड सोसते; त्याहून मोठा खंड पडला, कीं निळा पडदाहि न दिसतां यंत्र विझतें. यूपीएस हा त्यावर उपाय. तिसरी गोष्ट उष्णता व धूळ. धुळीनें पंखा व पातीं बुजलीं, कीं प्रोसेसर तापून आधीं वेग कमी करतो, व शेवटीं स्वतःस वांचविण्यासाठीं यंत्रच बंद करतो.

मिरजगांवच्या वहींत मात्र निराळें दिसलें. यंत्र सकाळच्या गारव्यांतहि बंद पडे, यूपीएस लावूनहि पडे, आणि संकेत-शब्द दर वेळीं वेगळा येई. अशा वेळीं रॅमवर प्रथम संशय घ्यावा. बायॉसमध्यें वाढविलेला वेग असल्यास तो मूळ मापावर आणून ‘मेमटेस्ट८६+’ हा विनामूल्य परीक्षक रात्रभर चालवावा. एक चूक निघाली तरी ती क्षुल्लक मानूं नये. त्यांच्या दोन पट्ट्या एकाच खांचेंत आळीपाळीनें लावून पाहतां एकींत चुका निघाल्या. पट्टी हमीच्या मुदतींत होती. ती बदलून मिळाली.

येथें एक धोका सांगितला पाहिजे. सदोष रॅम यंत्र नुसतें थांबवीत नाहीं. ती चालू कामांतील मजकूरहि गुपचूप बिघडवूं शकते. म्हणून अशा यंत्रावरून घाईनें प्रती काढूं नयेत. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडावी व मग प्रती घ्याव्यात. या घरचीं कांहीं मोडी छायाचित्रें अर्धींच उघडलीं. मूळ कागद रुमालांत बांधलेले होते म्हणून तीं पुन्हां घेतां आलीं. सुनेला मात्र दोन महिन्यांचे हिशेब पुन्हां ताडून पाहावे लागले. चित्रें घेतलीं म्हणून मूळ कागद टाकूं नयेत, तें याचसाठीं.

दोष कधीं कधीं निर्मात्याकडेच असतो. इंटेल कंपनीनें २०२४ सालीं आपल्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांतील अस्थिरता मान्य केली, बायॉसमार्फत सुधारणा दिली व हमी दोन वर्षांनीं वाढविली. ती सुधारणा पुढील हानि टाळते. आधींच बिघडलेला प्रोसेसर तिनें बरा होत नाहीं, तो बदलूनच घ्यावा लागतो.

एका वेळीं एकच भाग बदलावा, म्हणजे गुण कशानें आला तें कळतें. मिरजगांवीं मुलाचे खेळ परत घालण्यांत आले. पण त्याच्यावरील आरोप कोणी तोंडानें मागें घेतला नाहीं. वडीलधाऱ्यांनीं तो तसा घ्यावा, असें आमचें नम्र मत आहे.