गृहपाठ कोणाचा?

शाळांची नवी सत्रे सुरू झाली आणि घरोघरच्या संध्याकाळी पुन्हा गृहपाठाच्या स्वाधीन झाल्या. ज्या शाळेचा गृहपाठ अधिक ती शाळा चांगली, अशी समजूत आपल्या पालकवर्गात खोल रुजली आहे. तिचा शांतपणे विचार करण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे प्राध्यापक हॅरिस कूपर व त्यांचे सहकारी यांनी १९८७ ते २००३ या काळात त्या देशात झालेल्या संशोधनाचा आढावा २००६ साली प्रसिद्ध केला. माध्यमिक वर्गांत गृहपाठ आणि यश यांचा संबंध स्पष्ट दिसतो, प्राथमिक वर्गांत मात्र तो क्षीण आहे, हे त्याचे सार. त्यातही, जो मुळात अभ्यासू तोच गृहपाठ नेमाने करतो. तेव्हा यशाचे सारे श्रेय गृहपाठाच्या पदरात टाकणे तर्काला धरून होणार नाही. २०१२ साली झालेल्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या वेळी शांघायमधील पंधरा वर्षांची मुले आठवड्यास सुमारे १४ तास गृहपाठ करीत होती, तर फिनलंडमधील सुमारे ३ तास. शांघायचा क्रमांक पहिला होता हे खरे. पण फिनलंडचे स्थानही वरच्याच पंक्तीत होते. केवळ तास मोजून विद्या मोजता येत नाही, हाच याचा अर्थ.

आपल्याकडे नियमांची वाण नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नको असे सांगितले. तिसरी ते पाचवीसाठी आठवड्यास फार तर २ तास, सहावी ते आठवीसाठी दिवसास १ तास आणि त्यापुढे २ तास अशी मर्यादा सुचविली. परंतु पहिलीच्या मुलाचा ‘प्रकल्प’ रात्री अकरा वाजता आई कापते, चिकटवते आणि रंगवते, हे दृश्य कोणाच्या परिचयाचे नाही? दुसऱ्या दिवशी शाळेत ज्याचे कौतुक होते, ते त्या मुलाचे की मातोश्रींचे? आणि ज्या घरी आईला लिहिता येत नाही, शिकवणीची फी परवडत नाही, एका खोलीत सहा माणसे झोपतात, तेथील मुलाने काय करावे? दिवसा वर्गात एका बाकावर बसणारी ही दोन मुले सायंकाळी एका पातळीवर राहत नाहीत. त्यांच्यातील अंतर गृहपाठ कमी करीत नाही, वाढवितो.

यावर कोणी म्हणेल की, गृहपाठ नसेल तर मुले मोबाइलला चिकटतील. ही चिंता रास्त आहे. पण मोबाइल दूर ठेवणे हे घराचे काम आहे. त्यासाठी वहीची पाने भरवणे म्हणजे रोग हाल्याला आणि औषध पखालीला!

गृहपाठाला अर्थ येतो तो दोनच गोष्टींनी: तो मुलाने स्वतः केलेला असावा आणि शिक्षकाने वाचलेला असावा. मुलाची चूक हीच शिक्षकाची वाटाडी. आईने ती घरीच पुसली तर शिक्षकास काय कळणार? आणि शिक्षकाने न वाचता तांबड्या शाईची खूण केली तर मुलास काय कळणार? मात्र शिक्षकांस दोष देऊन मोकळे होणे न्यायाचे नाही. पन्नास वह्या, प्रत्येकीस तीन मिनिटे, म्हणजे अडीच तास झाले, तेही एका विषयाचे! शिक्षणहक्क कायदा निवडणूक, जनगणना अशी कामेही शिक्षकांकडून करून घेऊ देतो. वह्या तपासाव्यात केव्हा?

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. शाळांनी तपासता येईल तेवढाच गृहपाठ द्यावा आणि त्याचे प्रमाण पहिल्याच पालकसभेत जाहीर करावे. पालकांनी मुलाच्या चुका वहीत तशाच राहू द्याव्यात. महापालिकेने सायंकाळी रिकामे पडणारे वर्ग अभ्यासिका म्हणून उघडावेत, म्हणजे ज्यास घरी कोपरा नाही त्यास निदान दिवा आणि बाक मिळेल. यांतील पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. तिसरीस लागेल तो थोडा. तेवढेही आपण करणार नसू, तर मुलांच्या निकालपत्रावर आपण मुलांचे नव्हे, त्यांच्या घरांचेच गुण लिहीत राहू.