त्यांना ग्रीक येत नव्हतं म्हणे!

मराठीत अनुवादकाला द्यायची सगळ्यात मोठी शाबासकी ठरलेली आहे: "वाचताना अनुवाद वाटतच नाही." परीक्षण लिहिणाऱ्याला मूळ भाषा येवो न येवो, हे एक वाक्य टाकलं की काम भागतं. आणि जिथे परक्या भाषेचा वास आला, तिथे अनुवादक नापास. ही पट्टी किती आखूड आहे ते बघायचं असेल, तर तिच्या हिशेबाने साफ नापास ठरणारा एक काव्यानुवाद बघा. मराठी बायबलात ज्यांना 'स्तोत्रसंहिता' म्हणतात, त्या दीडशे हिब्रू स्तोत्रांचा प्राचीन ग्रीक अनुवाद.

आधी थोडी पार्श्वभूमी. इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात ज्यूंची मोठी वस्ती होती आणि त्यांची रोजची भाषा ग्रीक झाली होती. तिथे मोशेचे पाच ग्रंथ ग्रीकमध्ये आले. आख्यायिका अशी की टॉलेमी दुसरा या राजाने जेरुसलेमहून बारा वंशांतले प्रत्येकी सहा, असे ७२ पंडित बोलावले आणि त्यांनी ७२ दिवसांत काम संपवलं. 'सेप्टुअजिंट', म्हणजे 'सत्तर', हे नाव त्यातूनच पडलं. गोष्ट झकास आहे, पण ती फक्त त्या पाच ग्रंथांची. स्तोत्रांचा अनुवाद नंतरचा, बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. तो करणाऱ्याला ना राजाचं आमंत्रण, ना नाव. एक होता की अनेक, या वादात मी पडत नाही. सोयीसाठी त्याला 'तो' म्हणते.

त्याच्यावरचे आरोप खरे आहेत. त्याचं ग्रीक वाकडं आहे. हिब्रूत ओळीमागून ओळ 'आणि'ने सुरू होते, तर ग्रीकमध्येही तो 'काइ', 'काइ', 'काइ' लिहीत जातो. वाक्यं एकमेकांत गुंफायला ग्रीकमध्ये छोट्या अव्ययांचा केवढा साठा आहे, तो जवळपास बंद पेटीत. हिब्रू क्रियापदाचं एक रूप दिसलं की भूतकाळ, दुसरं दिसलं की भविष्यकाळ, असा त्याचा खाक्या. त्यामुळे आत्ता, या क्षणी विव्हळणारा माणूस मध्येच भविष्यकाळात बोलू लागतो. पंचावन्न स्तोत्रांच्या माथ्यावर गायकांच्या प्रमुखासाठी सूचना आहे असं आज मानतात. त्याने तिथे लिहिलं 'शेवटाकडे'. पुढे ख्रिस्ती भाष्यकारांना त्यात जगाचा अंत दिसू लागला! 'सेला' हा शब्द स्तोत्रांत ७१ वेळा येतो. तो बहुधा गाण्याशी संबंधित आहे, पण नेमका अर्थ आजही वादात आहे. त्याने त्यासाठी 'डिआप्साल्मा' असा शब्द दिला, जो त्याआधीच्या ग्रीकमध्ये सापडत नाही.

यावरून निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही: बिचाऱ्याला धड ग्रीक येत नव्हतं. एके काळी तर याला वेगळी 'ज्यू ग्रीक' बोली म्हणायची पद्धत होती. मग इजिप्तच्या वाळूत पपायरसचे ढीग सापडले. त्यांत पावत्या होत्या, तक्रारअर्ज होते, घरी पाठवलेली पत्रं होती. अडॉल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिलं की सेप्टुअजिंटमधले कितीतरी 'विचित्र' शब्द बाजारात आणि कचेरीत रोज वापरले जात होते. म्हणजे शब्द चालू ग्रीकमधले, रचना मात्र हिब्रूची.

मग ही रचना नाइलाजाने आली का? एझेकिएल नावाचा एक ज्यू नाटककार इसवी सनापूर्वीच होऊन गेला. त्याने ज्यूंच्या इजिप्तमधून सुटकेवर शोकांतिका लिहिली, तीही अस्सल ग्रीक नाट्यवृत्तात. तिच्या २६९ ओळी आजही शिल्लक आहेत. दुसऱ्या एका ज्यू कवीने जेरुसलेमवर होमरच्या वृत्तात महाकाव्य लिहिलं. थोडक्यात, ग्रीक छंदात देवाधर्माचं लिहिणं ज्यूंना उत्तम जमत होतं. दुकानात माल होता, त्याने घेतला नाही. आणि आपण काय गमावतोय हे त्या काळच्या अनुवादकांना कळत नव्हतं असंही नाही. इ.स.पू. १३२ मध्ये इजिप्तला आलेल्या एकाने आजोबांचा, बेन सिराचा, हिब्रू ग्रंथ ग्रीकमध्ये आणला. प्रस्तावनेत त्याने सरळ सांगून टाकलं आहे की हिब्रूत म्हटलेल्या गोष्टीला दुसऱ्या भाषेत तेवढाच जोर राहत नाही.

मग स्तोत्रांच्या अनुवादकाने काय वाचवायचं ठरवलं? हिब्रू कवितेत यमक जवळजवळ नाही, ग्रीकसारखं मोजून-मापून बांधलेलं वृत्तही नाही. तिचा ठेका विचारात आहे. एक ओळ काहीतरी म्हणते, दुसरी तेच जरा वळवून, वाढवून किंवा उलटवून म्हणते. रॉबर्ट लाउथने १७५३ साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत याला नाव दिलं आणि तेव्हापासून युरोप याला समांतर रचना म्हणून ओळखू लागला. पण त्या अनामिक माणसाने हे दीड-दोन हजार वर्षं आधीच हाताने करून ठेवलं होतं. शब्दांचा क्रम हलवायचा नाही, 'आणि' गाळायचा नाही, दोन तुकडे गुंफून एक गोंडस वाक्य करायचं नाही. ग्रीक सुघड करायला गेलं असतं, तर पहिली हीच जोडी मोडली असती. ज्याला टीकाकार गचाळपणा म्हणतात, तो या कवितेचा कणा आहे.

"म्हणजे शब्दाला शब्द ठेवणारा यंत्रमानवच की!" असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक खडक आहे.

हिब्रू स्तोत्रं देवाला पुन्हा पुन्हा 'त्सूर' म्हणतात. त्सूर म्हणजे खडक, कातळ. वाळवंटी डोंगराळ मुलखात शत्रू पाठीशी लागल्यावर माणूस ज्याच्या आडोशाला जातो, तो. ग्रीकमध्ये यासाठी 'पेत्रा' हा साधा, रोजचा शब्द आहे. जिथे माणसाला उचलून खडकावर ठेवलंय, तिथे हा अनुवादक 'पेत्रा' बिनदिक्कत वापरतो. पण देवालाच खडक म्हटलं की पेत्रा गायब! तिथे येतो 'साहाय्यकर्ता', किंवा नुसता 'देव'. ढालीचंही तेच: देव ढाल आहे असं न म्हणता, तो ढाल धरून राखणारा आहे असं तो म्हणतो. एकेक 'आणि' मोजून देणारा माणूस इथे अख्खी प्रतिमा पुसतो, तीही जागोजागी आणि ठरवून. कारण त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण दगडाच्या देवमूर्तींनी भरलेल्या ग्रीक जगात 'आमचा देव दगड आहे' असं म्हणणं किती धोक्याचं, हे समजायला फार डोकं लागत नाही.

मला हा निर्णय पटत नाही. खडक गेला आणि कवितेतला कठीण, हाताला लागणारा भाग गेला, असं माझं मत. पण हा निर्णय आहे. आता त्याच्या वाकड्या ग्रीकला अडाणीपणा म्हणता येणार नाही. कुठे वाकायचं आणि कुठे नाही, हे तो ठरवत होता.

त्याला खरी शिक्षा देऊ पाहणारेही झाले. पुढे कुणीतरी या सगळ्या स्तोत्रांना होमरच्या षट्पदी वृत्तात बसवलं, भरदार महाकाव्यी शब्दांसकट. हे काम लाओडिसियाच्या अपोलिनारिसच्या नावावर मोडतं, अभ्यासक ते त्याचं मानत नाहीत. आपल्या परीक्षणवाल्यांना ते फार आवडलं असतं, कारण ते अजिबात अनुवाद वाटत नाही. आज ते कोण वाचतं? मूठभर प्राध्यापक. वाकडं ग्रीक मात्र ऑर्थोडॉक्स मठांत आजही म्हटलं जातं. वीस भागांत वाटलेली सगळी स्तोत्रं दर आठवड्याला एकदा पुरी होतात.

कुणी म्हणेल, चर्चने उचलून धरलं म्हणून ते टिकलं, यात कवितेचं काय कर्तृत्व? अर्धं खरं आहे. पण ते वृत्तबद्ध रूपही ख्रिस्ती माणसाचंच होतं, त्याच चर्चच्या अंगणातलं. तरी गायला कुणी घेतलं नाही.

या हट्टाची किंमतही मोठी होती. 'हेसेद' हा हिब्रू शब्द घ्या. शब्द पाळण्यातली निष्ठा, नात्यातली माया, दोन्ही त्यात एकत्र. एका स्तोत्राच्या पालुपदात तो २६ वेळा येतो. त्याने त्यासाठी 'एलेऑस' लावला, म्हणजे कीव. शोकांतिका बघताना प्रेक्षकाला वाटते म्हणून ॲरिस्टॉटलने सांगितली तीच. करार पाळणारा देव एकदम दया करणारा झाला. 'किरिए एलेइसोन' ही प्रार्थना तुम्ही कुठल्या सिनेमात किंवा गाण्यात ऐकली असेल, तर तिच्यात हाच शब्द आहे. उलट हेही झालं की स्तोत्रांत इतक्या वेळा येऊन एलेऑसचाच अर्थ फुगला, आणि त्या जुन्या कीवेत निष्ठेची ऊब शिरली. परकी भाषा अशी आत येते. दार आधीच गुळगुळीत घासून ठेवलं असतं, तर ती घसरून गेली असती.

आणि एक जागा अशी, जिथे मला त्याचा राग येतो आणि पुन्हा पुन्हा तिथेच जावंसं वाटतं. 'नेफेश' म्हणजे गळा, श्वास, जीव. त्याचा नियम पक्का: नेफेश दिसला की 'प्सुखे', आत्मा. एका स्तोत्रात बुडणारा माणूस ओरडतोय, पाणी नेफेशपर्यंत चढलंय. म्हणजे गळ्याशी आलंय. मराठी माणसाला हे समजवायची गरजच नाही, आपणही अडचणीत गळ्यापर्यंतच बुडतो. नियमाचा पक्का असलेल्या आमच्या माणसाने पाणी आत्म्यापर्यंत नेलं. चूकच आहे. लॅटिनने ती तशीच उचलली. १६११च्या इंग्रजी बायबलने तर समोर हिब्रू असूनही आत्माच ठेवला. गळ्याशी आलेल्या पाण्यातून माणूस पोहून निघू शकतो. आत्म्यापर्यंत पोचलेल्या पाण्याचं काय करायचं, हे त्या स्तोत्राच्या हिब्रू कवीला कुणी विचारलंच नव्हतं.